मागच्या गॅलरीतून लिहिलेली डायरी

आता हे बघा वकीलसाहेब, चोरी तेवढं म्हणू नका. डायरी चोरायची तर आधी कुणाची तरी डायरी असावी लागते ना? मॅडम डायरी लिहितात की नाही ते मला काय ठाऊक — लिहीत असतील तर त्यांची ती त्यांच्या कपाटात सुखरूप असेल, जाऊन बघा. ही आहे ती माझी वही. शंभर पानी, वरच्या कोपऱ्यावर खोबरेल तेलाचा डाग, आणि आतलं अक्षर रेणुका गोपाळकृष्ण खांबेटे यांचं, म्हणजे माझं. बसा ना, उभ्यानं काय बोलताय. मुंबईहून एवढे आलात, तेही वीकेंडला लोणावळ्यात शिरायचं म्हणजे टोलनाक्यापासून रांग — चहा टाकलाय. घेत नाही कसं? नोटीस देणाऱ्यानं चहा घेऊ नये असं कुठं कलम आहे का? नाही ना? मग घ्या.

तर तुमचं म्हणणं, मॅडमची खाजगी डायरी बंगल्यातून बाहेर फुटली आणि ती फोडली सीतारामनं. मॅडमचं नाव मी घेत नाही, तुमच्या नोटिशीत तिसऱ्याच कलमात लिहिलंय की नाव घ्यायचं नाही, आणि घ्यायची गरजही नाही, अख्ख्या तुंगार्लीत मॅडम म्हटलं की एकच, सिनेमातल्या मॅडम. अकरा वर्षं सीताराम त्या गेटवर आहे. सोमवारी सकाळी तुमच्या ऑफिसातून फोन आला की दुपारपर्यंत खोली रिकामी करा. दुपारपर्यंत, बरं का. अकरा वर्षांचा संसार. भामाबाई बिचारी तव्यावरची भाकरी तशीच टाकून भांडी बांधायला लागली. त्यांच्या दोन ट्रंका आणि गादीची वळकटी माझ्या व्हरांड्यात आहे, येताना ठेचकाळलात ना, तीच. आणि ती दोघं गेली नवलाख उंबरे गावाला, पुतण्याकडं. पुतण्याच्या एका खोलीत आधीच पाच माणसं. जाताना इथं पायरीवर बसला, पाणीसुद्धा घेईना. "वैनी," म्हणाला, "मी काय बी बोललो न्हाई ओ. अकरा वर्सात गेटाच्या भाईर एक शबुद गेला न्हाई माझ्याकडनं." आणि मी — मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "होईल हो सगळं नीट, सीतारामभाऊ." लोकांचं घर मोडून वर असं म्हणायला काही लाज लागते की नाही? पण म्हणाले.

म्हणजे वही माझी हे त्याला सांगितलं नाही का? सांगणार होते. तेवढ्यात रिक्षा आली.

नाही, तुम्ही आधी ऐका तरी, मधे मधे तुमच्या वहीत काय टिपताय. हे सगळं सुरू झालं आमच्या महिला मंडळात. दर गुरुवारी चार वाजता. दिवाळीला आम्ही हस्तलिखित काढतो, प्रत्येकीनं एक लेख, आणि यंदाचा विषय होता — प्रसिद्ध व्यक्तीच्या मनात शिरून तिची डायरी लिहा. कुणी क्रिकेटवाला घेतला, कुणी मंत्री घेतला, एकीनं तर टीव्हीवरचा भविष्यवाला घेतला. मला सगळ्याजणी म्हणाल्या, खांबेटेवहिनी, तुम्ही मॅडमच घ्या, तुमचं तर जाणं-येणं आहे. म्हटलं घेते. बावीस पानं लिहिली. आणि पहिल्या पानावर, रीतीप्रमाणे, वर मधोमध श्री, आणि त्याच्याखाली स्वच्छ अक्षरात — हे बघा, हे — "सर्व काल्पनिक आहे. चूकभूल द्यावी घ्यावी." आहे की नाही? आता झालं काय, ती आमची रजनी, मंडळाची सेक्रेटरी, तिनं ग्रुपवर टाकायला पानांचे फोटो काढले. आणि पहिलं पान सोडलं. का, तर म्हणे ते श्रीचं पान आहे ना, देवाच्या नावाचा काय फोटो काढायचा, लोक चपला घालून बघतात मोबाईल. बघा. देवाला मान दिला आणि मला तुमच्या हवाली केलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मंडळाच्या ग्रुपवरून सोसायटीच्या, सोसायटीच्यावरून कुणाच्या भाच्याच्या, आणि चौथ्या दिवशी मी कुकर लावत होते तर टीव्हीवर माझं अक्षर. खाली लाल पट्टी — मॅडमची गुप्त डायरी हाती. कुणाच्या हाती? माझ्या हातात तर लसूण होता. तीन दिवस चाललं हो. एक हस्ताक्षरतज्ज्ञ आणून बसवला. तो म्हणाला, या र ला जी गाठ पडते आहे त्यात एका कलावंताचं एकटेपण दिसतं. माझ्या र ला गाठ पडते कारण अंगठ्याला संधिवात आहे. शाळेत मला अक्षराचे दहापैकी चार मिळायचे, बाई म्हणायच्या कोंबडी चालून गेल्यासारखं लिहितेस, आणि आता ते चार अख्खा महाराष्ट्र बघत होता.

आणि लोकांचं तर काय विचारता. मी पान सहावर लिहिलं होतं, "सिलिंडर संपत आला, आडवा करून अजून दोन दिवस काढले." घरी तीन आचारी ठेवणारी बाई सिलिंडर आडवा करेल का? पण एकाही माणसाला शंका आली नाही. उलट चर्चा — बघा, एवढी मोठी होऊनही किती साधी. पान नऊवर, "डॉक्टरनी गोड बंद केलंय म्हणून चिक्की देवघराच्या मागे ठेवते." दुसऱ्या दिवशी बाजारात एका दुकानावर पाटी — मॅडमची आवडती, देवघरातली चिक्की. गेटसमोर कणसंवाला येऊन बसला, कारण फोटो काढायला इतकी माणसं. नवलाखवरून कंपनीची बस वाट वाकडी करून आली, बायका उतरल्या, गेटला हात लावून गेल्या. मॅडमच्या पूर्वीच्या कुठल्या सिनेमाला नसेल एवढी गर्दी माझ्या लिखाणाला झाली. हसू नका. खरं सांगते, एक दिवस मलाही बरं वाटलं. एकच दिवस. मग सोमवार आला.

आता तुमच्या नोटिशीचं बोलू. अकरावीपर्यंत शिकलेय मी, फार कळतं असं नाही, पण चष्मा लावून दोनदा वाचली. पहिल्या पानावर तुम्ही म्हणता, हा मजकूर संपूर्ण खोटा आणि बनावट आहे. ठीक. दुसऱ्या पानावर म्हणता, सीतारामनं खाजगी माहिती बाहेर दिली म्हणून त्याला काढला. आता मला सांगा, मजकूर खोटा असेल तर सीतारामनं बाहेर काय दिलं? आणि त्यानं दिलं असेल तर ते खोटं कसं? एकतर मी लबाड आहे नाहीतर तो फितूर आहे, दोन्ही एकदम कसे असू आम्ही? घ्या, बिस्कीट घ्या. याचं उत्तर कुठल्या कलमात आहे ते सावकाश सांगा.

आणि सीतारामकडून माहिती म्हणाल, तर अहो, त्या माणसाला अकरा वर्षांत मी किती पोहे खाऊ घातलेत. उपमा, थालीपीठ, संक्रांतीला गुळाची पोळी. कशासाठी? असंच, शेजारधर्म — बरं, कधीमधी विचारायचे, सहज, की मॅडम चहात साखर घेतात का हो. तो खाऊन ताटली धुऊन द्यायचा आणि म्हणायचा, "साकरंचं काय वैनी, आपल्याला न्हाई म्हाईत." एवढंच. पावसाबद्दल बोलेल, बिबट्याबद्दल बोलेल, भामाबाईच्या गुडघ्याबद्दल अर्धा तास बोलेल. मॅडमचा विषय काढला की दगड. चार वर्षांपूर्वी मी नाद सोडला. तो बोलला असता तर मला एवढं डोकं चालवून लिहावं लागलं असतं का? माझी सगळी वही म्हणजे सीताराम बोलला नाही याचा पुरावा आहे, तो न्या तुम्ही कोर्टात.

मग पडद्याचा रंग, लॉनवरची वेताची खुर्ची, हे कसं कळलं — मागच्या गॅलरीतून दिसतं. या, दाखवते. हा दोरीचा कपडा बाजूला करा, इथून सरळ. दिसलं? तो पांढरा बंगला. झूल, खुर्ची, मागचा नळ. नाही, तेवढं बारीक नुसत्या डोळ्यानं नाही दिसत, ती दुर्बीण ह्यांची. रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा पक्षी बघायचे म्हणून आणली. आता मोतीबिंदूनंतर पक्षी दिसत नाहीत त्यांना, म्हणून इथं खिळ्याला टांगलीय. वापरायला कशाला, धूळ पुसताना हातात येते ना, तेव्हा आपलं जाता जाता. रोज धूळ बसते इथं, नवीन बंगल्यांची कामं चाललीत चहूकडं. हे ऐकत नाहीत ना आत? नाही, झोपलेत, आणि ऐकूही कमी येतं. बरं आहे.

बसा परत. आता तुम्ही विचारणार — विचारलंतच — की मंडळात सगळ्या म्हणतात तुमचं बंगल्यात जाणं-येणं आहे, मग सांगा आत कोण बोललं तुमच्याशी.

पाणी घेऊ का जरा.

तुम्ही माझ्या ओवीच्याच वयाचे असाल. ओवी माझी मुलगी, वाकडला असते, कंपनीत आहे. तर तुम्हाला म्हणून सांगते, आणि हे टिपू नका अजून. त्या गेटच्या आत माझं पाऊल पडलेलं नाही. एकदाही नाही. सहा वर्षांपूर्वी मॅडम लॉनवर उभ्या होत्या, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि त्यांनी हात वर केला. असा, पूर्ण. मीही केला. गुरुवारी मंडळात सांगितलं, मॅडमनी हात केला. पुढच्या गुरुवारी कुणीतरी विचारलं, मग बोलावलं का चहाला? मी नुसतं हसले. हसण्याचा बायकांनी चहा केला, चहाचा फराळ केला, आणि मी प्रत्येक वेळी थोडं थोडं — नाही म्हटलं नाही, एवढंच. आणि तो हात, खरं सांगायचं तर, माझ्या मागं कठड्यावर एक वानर बसलं होतं ते मी नंतर पाहिलं. भलं मोठं. तेव्हा हात मला केला की त्याला हाकलायला केला, हे आज सहा वर्षं झाली, मला माहीत नाही. विचारणार कुणाला? सीतारामला? तो म्हणाला असता, न्हाई म्हाईत.

बरं, टिपा आता. टिपा म्हणते ना. लिहा की रेणुका खांबेटे यांची आणि मॅडमची ओळख नाही. मंडळात वाचून दाखवायला लागेल? ग्रुपवर टाकायला लागेल, जिथून निघालं तिथंच. टाका. रजनी तर आठवडाभर जेवणार नाही आनंदानं. सहा वर्षं पहिल्या रांगेतली खुर्ची होती माझी, हळदीकुंकवाला आधी मला लावायच्या, मॅडमची मैत्रीण म्हणून. आता दाराजवळ बसेन. दाराजवळ वारा येतो. सीतारामची खोली गेली त्यापुढं माझी खुर्ची ती काय.

झालं मग? कागद काढा, सही करते.

काय, अजून काय? पान चौदा?

पान चौदाचं काय त्यात. सिलिंडर, चिक्की, पडदे हे सगळं सोडलं तरी पान चौदा म्हणे आतल्या माणसाशिवाय कुणाला ठाऊक असणं शक्य नाही. थांबा, चष्मा. हे बघा, काय लिहिलंय — "रविवार. लेकीचा फोन आला. अकरा मिनिटं. त्यातली तीन माझ्याशी बोलली, बाकीची घरातल्या कामवालीशी, कुरिअरवाल्याशी आणि कुत्र्याशी. मी फोन धरून होते. तिच्या घरातले आवाज ऐकू येतात तेही पुष्कळ. कधी येतेस असं मी आता विचारत नाही. मीच म्हणते, शनिवारी घाटात किती गर्दी असते ना गं, नकोच येऊस. म्हणजे तिला खोटं बोलावं लागत नाही."

एवढंच तर आहे. यात काय गुपित? कुठल्याही घरात —

काय म्हणालात?

हेच वाक्य? मॅडम बोलल्या? लॉनवर, फोनवर, त्यांच्या मुलीशी — असंच्या असं, नकोच येऊस, गर्दी असते? आणि तेव्हा आसपास फक्त सीताराम होता, गेटपाशी. म्हणून मॅडमनी वाचल्याबरोबर ओळखलं की हे त्यानंच ऐकून बाहेर सांगितलं. म्हणजे मॅडमनी स्वतः वाचलं. बावीसच्या बावीस पानं वाचली. आणि बाकी सगळ्यावर हसल्या आणि या पानाला — नको, सांगू नका. तुम्ही नोकर माणूस, तुम्ही सांगू नये आणि मी विचारू नये. मी विचारू नये असं मी म्हणतेय, बघा, ह्यांना ऐकू आलं असतं तर उठून बसले असते.

अहो, त्यांच्या मुलीला तर पोहोचवायला गाड्या, ड्रायव्हर. तरी?

असू दे.

नाही, सीतारामनं नाही ऐकलं. किंवा ऐकलं असेल, तर पोटात ठेवलं, पोह्यांसकट. हे पान त्याचं नाही आणि मॅडमचंही नाही. ते माझं आहे. बाकी एकवीस पानं मी बसून रचली, ती सुचत नव्हती म्हणून चार दिवस गेले. हे एक एका बैठकीत आलं. अकरा मिनिटं, मोजलेली आहेत, फोनवरच दिसतात. कुत्र्याचं नाव पण सांगते हवं तर. वाकड ते लोणावळा, साहेब, पाऊण तास. गेल्या गणपतीत आली होती, दोन तास होती. वाईट नाही हो मुलगी, लाखात एक आहे, दमते. मी माझं लिहिलं आणि वर मॅडमचं नाव घातलं, कारण रेणुका खांबेटेची डायरी कोण वाचणार होतं? मॅडमची म्हटल्यावर बघा, तुम्ही मुंबईहून वाचत आलात. मी मंडळात वाचलं ना हे पान, तर बायका रडल्या. म्हणाल्या, बिचाऱ्या मॅडम. मीही म्हटलं, हो ना, बिचाऱ्या.

तोंडी चालणार नाही म्हणता. मॅडमना लेखी हवं. आणि टीव्हीवाल्यांनाही तेच द्यावं लागेल, नाहीतर ते म्हणत राहणार मॅडमची मुलगी विचारत नाही. होय, ते खरं. ती मुलगीही वाचत असेलच ना हे सगळं, कुठं बसून. नाही, त्यांच्या घरातलं त्यांच्या घरात राहिलं पाहिजे. आणि मी नुसतं "काल्पनिक" लिहिलं तर? कुणी मानणार नाही, बरोबर. कुणाचं तरी असावं लागतं. खरं कुणाचं ते सांगितलं की मगच हे लोक दुसऱ्याच्या दारातून उठतात.

पण मग तुम्हाला कळतंय का, ते ग्रुपवर जाणार. आमच्या घरचा ग्रुप आहे, खांबेटे परिवार, सदतीस माणसं, रजनीची चुलत जाऊ त्यात आहे, पाच मिनिटांत पोहोचेल. ओवी त्यात आहे. ती काही कधी लिहीत नाही, पण वाचते. दोन निळ्या खुणा येतात.

थोडं थांबा. मला घाई करू नका.

सीताराम दोन दिवसांपूर्वी आला होता ट्रंका न्यायला. मी म्हटलं राहू द्या, खोली मिळाली की न्या. तर म्हणाला, "वैनी, मॅडम चुकल्या आसतील, पर वाईट न्हाईत. त्यांला कुनीतरी कायतरी सांगितलं आसंल." कुणीतरी काहीतरी. माझ्याच पायरीवर बसून म्हणाला, मी केलेला चहा पीत. आणि मी तेव्हाही गप्प. मी, गप्प. विश्वास बसतो का तुमचा?

द्या तो कागद. मी सांगते तसं लिहा, तुमची ती "सदरहू" भाषा नको, लोकांना कळलं पाहिजे. लिहा — या वहीतली बावीसही पानं मी लिहिली. मॅडमशी मी आजवर बोललेले नाही. सीताराम यांनी मला कधीही काहीही सांगितलेलं नाही, मी विचारूनसुद्धा. हे "विचारूनसुद्धा" खाली रेघ मारा. आणि पान चौदा हे माझं आणि माझी मुलगी ओवी हिचं आहे. नाव घाला. ओवी. नाव नाही घातलं तर पुन्हा कुणी म्हणेल, ओळखा पाहू. रेणुका गोपाळकृष्ण खांबेटे, तुंगार्ली, लोणावळा.

ही घ्या सही. हा र गाठीचा, मिळवून बघा.

आता माझं एक. हा कागद तुमच्या बॅगेत जायच्या आधी तुम्ही इथून सीतारामला परत कामावर बोलवायला फोन लावायचा, माझ्यासमोर. लावा. नंबर मी देते. — बोला त्याच्याशी नीट, अहोजाहो करा, तुमच्या वडलांच्या वयाचा आहे. — काय म्हणाला? विचारतोय भामाबाईलाही घेऊन यायचं का? होय म्हणा. खोली तीच, होय म्हणा. — आणि वही कुणाची हे पण सांगा. नाही, मला फोन देऊ नका. तुम्हीच सांगा. तो इथं आला की त्याला जे म्हणायचं ते मला म्हणेल, मी ऐकून घेईन.

ठेवला फोन? हं. ठेवणारच.

ट्रंका तुमच्या गाडीत घाला, डिकीत मावतील. वळकटी सीटवर ठेवा, स्वच्छ आहे, मी ऊन दाखवलंय तिला. आणि हे ग्रुपवर कधी टाकणार म्हणालात? गाडीत बसल्या बसल्या? नाही. अर्धा तास द्या मला. एवढी बावीस पानं लिहिली मी, मला अर्धा तास देता येत नाही का तुमच्या ऑफिसला?

ओवीला फोन करायचाय. तिनं हे सदतीस माणसांत वाचायच्या आधी माझ्याकडून ऐकायला हवं. आज शनिवार, घरी असेल. मी कधी शनिवारी करत नाही, दचकेल. काय बोलायचं ते — सिलिंडरच्या पानासारखं रचून नाही येणार ते.

चहा राहिला तुमचा. राहू द्या तसाच. उठा आता. दार ओढून घ्या.